मासे आणण्यापूर्वीचे सहा आठवडे

रविवारी दुकानातून मासे आणले. सोमवारी शेजारपाजारची मुले काचपेटीभोवती जमली. मंगळवारी पाणी किंचित दुधाळ दिसू लागले. गुरुवारी सकाळी उठून पाहावे तर एक मासा तळाशी आडवा पडलेला, आणि उरलेले पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभर कल्ले हलवीत असलेले. पंधरवड्यात पेटी रिकामी होते, माळ्यावर जाते आणि 'आपल्या घराला मासे लाभत नाहीत' असा निकाल घरातील मोठी माणसे देऊन टाकतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजणांच्या घरी हे घडलेच असेल. मासे लाभणे किंवा न लाभणे ही नशिबाची गोष्ट नव्हे. ते का मरतात हे आज चांगले माहीत आहे आणि ते टाळताही येते. मात्र त्यासाठी पैशांपेक्षा वाट पाहण्याची तयारी अधिक लागते.

मला स्वतःला हे फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी मोठ्या हौसेने काचपेटी मांडली होती. आदल्या दिवशी पाणी भरले आणि त्यात वीस-बावीस मासे सोडले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी मला बोलावून घेतले. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि भौतिकशास्त्राच्या माणसाला जिकडे तिकडे दाब, तापमान आणि वायू दिसतात. मासे धापा टाकत आहेत, म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे, असा सरळ हिशेब करून मी आणखी एक हवेचा पंप लावायला सांगितला. बुडबुडे दुप्पट झाले. मासे मात्र मरतच राहिले. शेवटी प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने पाण्याचा नमुना तपासला तेव्हा माझे निदान साफ चुकल्याचे कळले. पाण्यात प्राणवायू भरपूर होता; माशांना तो घेता येत नव्हता.

असे का व्हावे ते पुढे पाहू. आधी पेटी मांडू या.

पेटी केवढी असावी?

नवशिक्याने लहान पेटी घ्यावी, जमले तर मग मोठी, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मोठी पेटी सांभाळणे सोपे असते. पाण्याची विशिष्ट उष्णता फार मोठी आहे हे तुम्ही शिकला आहात. जितके पाणी अधिक तितके त्याचे तापमान सावकाश बदलते. दोन लिटरच्या बरणीतले पाणी दुपारी तापते व पहाटे गारठते. पन्नास लिटर पाण्याला हा चढउतार जवळजवळ जाणवत नाही. घाणीचेही तसेच. तेवढीच घाण अधिक पाण्यात पसरली की तिची तीव्रता कमी.

म्हणून ६० से.मी. लांब, ३० से.मी. रुंद व ३० से.मी. उंच अशी पेटी घ्यावी. ही दुकानात सहज मिळते. वरची ३ से.मी. जागा मोकळी सोडली आणि तळाशी वाळू घातली, तर तिच्यात सुमारे ४५ लिटर पाणी मावते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ६०-७० किलोग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे एक मोठा माणूस दिवसरात्र त्या टेबलावर बसून आहे असे समजा आणि टेबल निवडा. पेटीखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा. टेबलावर कुठे वाळूचा कण किंवा उंचवटा राहिला, तर सगळा भार त्या एका बिंदूवर येऊन तळाची काच तडकते. थर्मोकोल दबतो आणि भार वाटून देतो. भरलेली पेटी पुन्हा कधी उचलायची नाही, हेही पक्के ध्यानात ठेवा.

समोरच्या काचेवर किती बल असते, हा हिशेब वहीत करून पाहण्यासारखा आहे. पाण्याची खोली २७ से.मी. असेल तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला २७ ग्रॅम भाराइतका दाब, पृष्ठभागाशी शून्य, सरासरी साडेतेरा. भिजलेल्या काचेचे क्षेत्रफळ ६० × २७, म्हणजे १६२० चौ.से.मी. गुणाकार केला की २२ किलोग्रॅम भाराइतके बल निघते. गंमत अशी, की पेटीची रुंदी ३० ऐवजी ३०० से.मी. केली तरी समोरच्या काचेवरील बल एवढेच राहील. ते वाढते पाण्याच्या खोलीने. उंच पेटीला जाड काच लागते ती यामुळे.

पेटी खिडकीत ठेवू नका. उन्हाने पाणी तापते आणि काचेवर हिरवे शेवाळ धरते.

गोल भांडे का नको?

चित्रपटात दिसते तसे गोल काचेचे भांडे आणि त्यात एक सोनमासा, हे दृश्य मला अजिबात आवडत नाही. कारण साधे आहे. पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः हवा आणि पाणी यांच्या सीमेवरून, म्हणजे पृष्ठभागावरून. २५ से.मी. व्यासाचे गोल भांडे गळ्यापर्यंत भरले आणि गळ्याचा व्यास १२ से.मी. असला, तर हवेला उघडा पृष्ठभाग सुमारे ११३ चौ.से.मी. एवढाच राहतो. तेच भांडे अर्धे भरले तर तो ४९० चौ.से.मी. होतो! आपल्या पेटीचा पृष्ठभाग आहे १८०० चौ.से.मी.

तसे पाहिले तर पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा असतो. एक लिटर हवेत तो जवळजवळ २७० मिलिग्रॅम असतो. एक लिटर पाण्यात, २० अंश सेल्सिअसला, जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम विरघळतो; ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात मासे वर का येतात याचे हे एक कारण आहे. शिवाय संथ पाण्यात वरचा प्राणवायू खाली पोचायला अतिशय वेळ लागतो, कारण हवेच्या मानाने पाण्यात त्याचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. वरचे पाणी खाली आणि खालचे वर असे फिरवल्यावाचून गत्यंतर नसते.

पंपाचे खरे काम हेच आहे. बुडबुड्यातली हवा पाण्यात विरघळते म्हणून मासे जगतात असा पुष्कळांचा समज असतो. पण बुडबुडा तळापासून वर यायला एक-दीड सेकंदच घेतो. तेवढ्यात तो देऊन देऊन काय देणार? तो वर येताना पाणी बरोबर ओढून आणतो आणि पृष्ठभाग हलता ठेवतो, हा खरा लाभ.

याच तत्त्वावर स्पंजाची गाळणी चालते. दुकानात तिला 'स्पंज फिल्टर' म्हणतात आणि ती स्वस्त असते. उभ्या नळीत तळाशी हवा सोडली की नळीतले पाणी-बुडबुड्यांचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते व वर चढते. त्याची जागा घ्यायला पाणी स्पंजातून आत येते. कचरा स्पंजात अडकतो. पण कचरा अडकवणे हे तिचे दुय्यम काम आहे. मुख्य काम कोणते ते लवकरच कळेल.

एक सूचना. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. तो खाली जमिनीवर असेल आणि वीज गेली, तर हवेच्या नळीतूनच पाणी उलटे येऊ लागते, वक्रनलिकेसारखे, आणि पंपात शिरते. वीज परत आली की काय होईल ते सांगायला नको.

तळाची वाळू भरड, दोन-चार मिलिमीटरची घ्या आणि बादलीत घोळून घोळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. शोभेसाठी दगड घालायचे तर आपला काळा पाषाण उत्तम. त्यातून पाण्यात काही उतरत नाही. संगमरवराचे तुकडे व शिंपले यांतील कॅल्शियम कार्बोनेट मात्र विरघळून पाणी जड करते. ओळख सोपी आहे. दगडावर लिंबाचे दोन थेंब पिळा. फसफसला तर तो पेटीत नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला निरुपद्रवी असलेला हा क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो. पाणी उघड्या बादलीत, अधूनमधून ढवळत, एक-दोन दिवस ठेवले की तो निघून जातो. घाई असेल तर 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे दोन-तीन खडे बादलीला पुरतात. छायाचित्रे धुताना हाच वापरीत असत.

आता पेटी भरली, गाळणी बुडबुडू लागली, पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आहे. मासे आणावेत? नाही. स्वच्छ दिसणारे हे पाणी माशांना अजून राहण्याजोगे झालेले नाही.

दोन वॉरिंग्टन

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. तेथील केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. काचेच्या भांड्यातील माशांचे पाणी वारंवार न बदलता त्यांना जिवंत ठेवता येईल का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांनी एका भांड्यात दोन सोनमासे सोडले आणि तळाच्या वाळूत व्हॅलिस्नेरिया ही लांब पट्ट्यांसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. मासे कार्बन डाय-ऑक्साइड सोडतील, वनस्पती प्रकाशात तो घेऊन प्राणवायू देईल, अशी कल्पना. काही काळ ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. तेव्हा वॉरिंग्टननी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पाने खाऊ लागल्या आणि भांडे पुन्हा स्थिरावले. हा प्रयोग त्यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला.

वॉरिंग्टननी प्राणवायूचा हिशेब बरोबर मांडला होता, पण तो अर्धाच हिशेब होता. (त्यांच्या पंक्तीत बसण्याचा माझा हक्क नाही, तरी प्रदर्शनातली माझी चूक याच जातीची होती.) मासे केवळ कार्बन डाय-ऑक्साइड सोडत नाहीत. अन्नातील प्रथिने वापरली गेली की त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपाने त्यांच्या कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. न खाल्लेले अन्न कुजले तरी अमोनियाच होतो. हा अमोनिया विषारी आहे. नदीत तो वाहून जातो. पेटीत जाणार कोठे?

किती अमोनिया होत असेल? माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने धरा. प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नत्र. तो सगळा अमोनियात गेला असे मानले, तर ४५ लिटर पाण्यात लिटरमागे १.४ मिलिग्रॅम होतो. आकडा लहान दिसतो. पण मुक्त अमोनिया लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतका झाला तरी कल्ल्यांना इजा करू लागतो. यात पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, फार महत्त्वाचा. सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा अर्ध्याच्या आसपास भाग मुक्त असतो आणि उरलेला अमोनियम आयनांच्या रूपात, त्या मानाने निरुपद्रवी. सामू ८ झाला की मुक्त भाग शेकडा ५ होतो, म्हणजे जवळजवळ दसपट. मग आपल्या १.४ पैकी ०.०७ मिलिग्रॅम मुक्त. धोक्याची रेषा ओलांडली! आणि हे अवघ्या १ ग्रॅम खाद्याने, जे हौशी मुले दोन दिवसांत टाकतात.

मग जुन्या, स्थिरावलेल्या पेटीत मासे वर्षानुवर्षे जगतात कसे? इथे कथेत दुसरे वॉरिंग्टन येतात. नाव तेच, रॉबर्ट; पहिल्यांचे चिरंजीव, जन्म १८३८. तेही रसायनशास्त्रज्ञ, पण शेतीचे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे शेतीवर प्रयोग चालत, तेथे त्यांनी जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट कसे होते याचा अभ्यास केला. हे काम सजीवांचे आहे असे श्लोझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले होते. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. रासायनिक क्रिया असती तर क्लोरोफॉर्मने ती का थांबावी? थांबली, कारण ती करणारे जीवाणू निकामी झाले. आणि ते वीस दिवस? तेवढा वेळ जीवाणूंना वाळूवर वस्ती करून वाढायला लागला.

धाकट्या वॉरिंग्टननी दाखवले की हे काम दोन टप्प्यांत, दोन निरनिराळ्या जीवाणूंकडून होते. एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. मात्र हे जीवाणू वेगळे काढणे त्यांना शेवटपर्यंत साधले नाही. ते १८९० मध्ये रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी साधले. जीवाणू वाढवायचे तर त्यांना रस्सा, साखर असे काही सेंद्रिय अन्न द्यावे अशी तेव्हाची पद्धत होती. विनोग्राड्स्कींनी नेमके तेच वगळले. या जीवाणूंना सेंद्रिय अन्न नकोच असते. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून निघणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडपासून आपले शरीर घडवतात. या मार्गाने ऊर्जा तुटपुंजी मिळते, म्हणून ते सावकाश वाढतात. दुधाचे दही लावणारे जीवाणू एका रात्रीत काम उरकतात; यांची संख्या दुप्पट व्हायलाच दिवस मोडतो.

तर वडिलांच्या भांड्यातल्या वाळूत आणि काचेवर जे अदृश्य कामगार मासे जगवत होते, त्यांचा माग चिरंजीव शेतातल्या मातीत काढीत होते. या दोन गोष्टी एकच आहेत हे घराघरांतल्या पेट्यांपर्यंत पोचायला पुढे बराच काळ जावा लागला.

ही कथा अजून संपलेली नाही. पाठ्यपुस्तकांत या जीवाणूंची नावे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अशी असतात. १९९८ मध्ये असे दिसून आले, की गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइट संपवण्याचे काम प्रामुख्याने नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरा करतात. आणि २००५ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतल्या खड्यांवर अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव सापडला, जो जीवाणू नव्हेच, आर्किया नावाच्या वेगळ्याच गटातला आहे.

पाणी मुरू द्या

लोणचे घातल्याबरोबर खात नाहीत. ते मुरावे लागते. पेटीचेही तसेच. रिकाम्या पेटीत दर एक-दोन दिवसांनी माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहा. ती कुजून अमोनिया होईल, अमोनियावर पहिले जीवाणू वाढतील, त्यांनी केलेल्या नायट्राइटवर दुसरे. या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या मित्राची जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातील मूठभर वाळू किंवा स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओलाच. विरजण लावल्यासारखे ते काम करते आणि बरेच दिवस वाचतात. पाणवनस्पतीही याच वेळी लावाव्यात. त्या अमोनिया शोषून घेतात. व्हॅलिस्नेरिया आपल्याकडील तळ्यांतही मिळते, आणि हायड्रिला तर तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेलीच आहे. तळ्यातून आणलेली वनस्पती नीट धुऊन घ्या. चतुराची अळी पानांबरोबर आली, तर लहान मासे फस्त करते.

शिक्षकांना येथे एक चांगला प्रयोग मिळेल. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू मोजण्याचे थेंबांचे संच मत्स्यपालनाच्या दुकानात मिळतात. पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. वर्गातील मुलांनी आळीपाळीने दर दोन दिवसांनी मापे घेऊन आलेख काढावा. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागतो तशी नायट्राइटची टेकडी उभी राहते. तीही ओसरते आणि नायट्रेटची रेषा संथपणे वर जात राहते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली, आणि पुन्हा खाद्य टाकूनही शून्यावर राहिली, की पेटी तयार झाली.

आता प्रदर्शनातल्या माशांचे कोडे सुटेल. अमोनियाने कल्ल्यांचा नाजूक पडदा सुजतो आणि त्यातून प्राणवायू आत जाणे अवघड होते. पुढच्या टप्प्यात नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतो; रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. दोन्ही प्रकारांत मासा धापा टाकतो. मी लक्षण बरोबर पाहिले आणि कारण चुकीचे धरले. त्या दिवशी पंप वाढवण्याऐवजी निम्मे पाणी बदलून खाद्य थांबवले असते, तर काही मासे वाचले असते.

यातूनच आणखी एक नियम निघतो. स्पंजाची गाळणी नळाखाली खसाखसा धुऊ नका. नळातील क्लोरीन वस्तीच्या वस्ती मारून टाकतो आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच ती हलकेच पिळावी. घरच्या स्वच्छतेच्या आवडीने जेवढे मासे मेले असतील, तेवढे आळसाने मेले नसतील.

कोणते मासे, किती?

पृष्ठभागावरून ठोकळमानाने एक नियम सांगतात. दर ७५ चौ.से.मी. पृष्ठभागाला अडीच सेंटिमीटर लांबीचा मासा. आपल्या पेटीला हा हिशेब ६० से.मी. येतो. पण हा नियम लहान माशांपुरताच खरा. मासा लांबीने आठपट झाला तर वजनाने ८ × ८ × ८, म्हणजे ५१२ पट होतो. तेव्हा २० से.मी.चा एक मासा अडीच सेंटिमीटरच्या आठ माशांइतका नव्हे, चौसष्ट आठांइतका भारी पडतो.

माझी निवड सांगतो. सहा झेब्रा मासे, पाच गप्पी नर आणि तळाशी वावरणारे तीन कोरिडोरस. एकूण लांबी ५५ से.मी.च्या आत राहते, तिघे पाण्याच्या निरनिराळ्या थरांत फिरतात आणि कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. सगळे एकदम आणू नका. आधी झेब्रा, दोन आठवड्यांनी दुसरे, मग तिसरे. जीवाणूंची संख्या वाढत्या घाणीला गाठू द्यावी लागते.

झेब्रा मासा आपल्याच उपखंडातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण त्याची अंडी पारदर्शक असतात आणि गर्भ कसा घडतो ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ पाहता येते. तो थव्याने राहणारा मासा आहे. एकटा ठेवला तर बिचकतो. गप्पी तर डासांच्या अळ्या खाणारा म्हणून आपल्या विहिरींत आणि हौदांत सोडलेला तुम्ही पाहिला असेल. तो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. अंडी न घालता पिले देतो, साधारण महिन्याला एक वेत. म्हणून मी नरच ठेवा म्हणतो. माद्या आणल्यात तर चार महिन्यांत वर्गातल्या प्रत्येकाला वाटूनही पिले उरतील. विंधनविहिरीचे जड पाणी गप्पी व मॉली यांना मानवते. निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातल्या माशांना नाही. आपल्या नळाला जे पाणी येते त्यात सुखाने राहणारे मासे निवडावेत, हे उत्तम.

सोनमासा चांगला वीतभर वाढतो आणि घाणही तशीच करतो. त्याला ही पेटी पुरत नाही. एंजल मासा लहानपणी गोजिरवाणा दिसतो, मोठा झाल्यावर निऑन टेट्रा गिळतो. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतात. दोन नर फायटर एकत्र ठेवणे म्हणजे रोजची मारामारी. काच चाटतो म्हणून विकला जाणारा 'सकर' फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो, मग लोक कंटाळून तो तलावात सोडतात, आणि तो तेथे मूळच्या माशांच्या मुळावर उठतो. पेटीतला कोणताही मासा नदीत वा तलावात सोडू नका. दुकानदाराला परत द्या.

मासे आणल्यावर पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग थोडे थोडे पेटीतले पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी जाळीने फक्त मासे उचलून पेटीत सोडा. पिशवीतले पाणी ओतून द्या.

पाणी २४ ते २८ अंशांत असावे. मुंबईत किंवा कोकणात तापकाची गरज क्वचितच पडते. पुण्या-नाशकाच्या थंडीत पडते. ४५ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे १,८९,००० ज्यूल लागतात. ५० वॅटच्या तापकाला ते द्यायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागेल, आणि तोही उष्णता बाहेर जात नाही असे मानून. हात पाण्यात घालण्यापूर्वी तापकाचा प्लग काढायलाच हवा.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, कारण साठत जाणारे नायट्रेट घालवायला पेटीत सोपी वाट नाही. यासाठी वक्रनलिका वापरा. नळी आधी पाण्याने भरून घ्या, तोंडाने ओढू नका. तिचे एक टोक वाळूवर फिरवले की कचराही निघून येतो.

खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. मासे नेहमीच भुकेले दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका. दिवाळीच्या सुट्टीत चार-सहा दिवस गावी जाणार असाल तर मोठ्या निरोगी माशांना उपाशी ठेवले तरी चालते. त्याहून अधिक दिवस जायचे झाले, तर शेजारच्या काकूंना खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून द्या, दर दोन दिवसांनी एक. आणि खाद्याचा डबा मात्र कपाटात कुलूप लावून ठेवा.